घरात सापडलेलं जुनं टपाल तिकीट कोटींचं असतं का?

परवा जेलरोडच्या आमच्या शेजारच्या काकू बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा घेऊन घरी आल्या. डब्यात त्यांच्या सासऱ्यांची जुनी पत्रं, थोडी पोस्टकार्डं आणि एका शाळेच्या वहीत चिकटवलेली सत्तर-ऐंशी टपाल तिकिटं. मोबाईलवर त्यांनी मला एक रील दाखवलं, त्यात एक माणूस सांगत होता की गांधीजींचं जुनं तिकीट चार कोटींना गेलं, तुमच्याकडे असेल तर लगेच या नंबरवर फोटो पाठवा. काकूंच्या वहीत गांधीजींची सहा तिकिटं होती. म्हणाल्या, "तू शाळेपासून हे गोळा करतेस ना, मग खरं काय ते सांग बाई. नातवाच्या ॲडमिशनचं बघतोय आम्ही."

चार कोटींची बातमी खोटी नाही, ते आधीच सांगते. एप्रिल २०१७ मधे लंडनच्या स्टॅनली गिबन्स या कंपनीने गांधीजींच्या १९४८ च्या तिकिटांचा चारचा एक जोडलेला तुकडा पाच लाख पाउंडांना विकला, म्हणजे तेव्हाच्या हिशोबाने साधारण चार कोटी रुपये, आणि घेणारा ऑस्ट्रेलियातला एक कलेक्टर, म्हणजे तिकिटं गोळा करणारा, होता. रीलवाला एवढंच सांगतो. ती चार तिकिटं नेमकी कुठली, काकूंच्या वहीतली कुठली, आणि दोन्हीत फरक काय हे सांगत नाही, आणि सगळी गोम तिथेच आहे. काकूंना दोन तास बसून जे सांगितलं तेच इथे लिहितेय, कारण असे डबे नाशिकमधे घरोघरी आहेत.

तिकीट म्हणजे मुळात पावती

१८४० च्या आधी इंग्लंडमधे पत्राचे पैसे बहुतेक वेळा पत्र घेणारा द्यायचा, आणि किती पान, किती लांब यावर दर ठरायचा. पोस्टमन दारात यायचा, घेणाऱ्याकडे पैसे नसले की पत्र परत. रोलंड हिल नावाच्या माणसाने मांडलं की पैसे पाठवणाऱ्यानेच आधी भरावेत, दर वजनावर आणि देशभर एकच ठेवावा, आणि पैसे भरले याची पावती म्हणून कागदाचा छोटा तुकडा पत्रावर डकवावा. तो तुकडा म्हणजे टपाल तिकीट. पहिलं आलं १ मे १८४० ला, काळ्या रंगाचं, राणी व्हिक्टोरियाचा चेहरा, किंमत एक पेनी, म्हणून नाव पेनी ब्लॅक.

पावती एकदा वापरली की परत वापरता येऊ नये म्हणून पोस्ट त्यावर शिक्का मारतं. हा शिक्का पुढे फार महत्त्वाचा आहे, लक्षात ठेवा. (आणि एक, स्टँप पेपर, कोर्ट फी, रेव्हेन्यू तिकीट हे सगळं वेगळं, मी फक्त पत्रावरच्या तिकिटाबद्दल बोलतेय.)

"अहो पण पेनी ब्लॅक जगातलं पहिलं, मग ते सगळ्यात महाग असणार ना?"

नाही. इथेच सगळ्यांची पहिली चूक होते. पेनी ब्लॅक छापली गेली जवळपास ६ कोटी ८८ लाख. त्यातही त्या काळात बरेच लोक पत्राचाच कागद दुमडून त्यावर तिकीट लावायचे, वेगळा लिफाफा नसायचा, त्यामुळे वकिलांनी, व्यापाऱ्यांनी पत्रं जपून ठेवली तेव्हा तिकिटंही आपोआप जपली गेली. आज वापरलेलं, बऱ्या अवस्थेतलं पेनी ब्लॅक काही हजार रुपयांत मिळतं. जगातलं पहिलं तिकीट, आणि एका बऱ्या मोबाईलपेक्षा स्वस्त!

आपल्याला हे कळायला जड जायला नको, आपण लासलगावच्या शेजारी राहतो. आवक वाढली की कांदा पडतो, आवक घटली की चढतो, कांदा चवीला तोच असतो. तिकिटाचंही तसंच, फरक एवढाच की इथे नवीन आवक कधीच येणार नाही, जी काय उरलीत तेवढीच, आणि तीसुद्धा पाणी, वाळवी, रद्दी यात दरवर्षी कमी होतात. त्यामुळे किती छापली यापेक्षा आज किती शिल्लक आहेत हा आकडा खरा. आणि त्याच्या समोर दुसरा आकडा, ती हवी असणारे किती. एखाद्या तिकिटाच्या दहाच प्रती उरल्यात पण ते गोळा करणारे जगात पाचच असतील तर भाव येत नाही.

शिल्लक किती या गोष्टीचं आपल्याकडचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे सिंध डाक. १ जुलै १८५२ ला बार्टल फ्रिअर या सिंधच्या कमिशनरने अर्ध्या आण्याची तिकिटं काढली, आशिया खंडातली पहिली चिकटवायची तिकिटं हीच. (हा फ्रिअर पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला.) पहिली आली ती लाल, लाखेच्या पातळ चकतीसारखी. आता लाख ती, घडी पडली, पिशवीत दाबली गेली की तडकायची, तुकडे पडायचे. मग पांढऱ्या कागदावर नुसता उठाव दाबून काढली, ती अंधुक उजेडात दिसेनात, मग निळी काढली. तिन्ही १८५४ पर्यंतच चालली. निळं-पांढरंही दुर्मिळच, पण लाल सिंध डाक अखंड सापडणं म्हणजे नशीब, कारण ते वापरतानाच मोडणारं होतं. मी ते एकदाच पाहिलंय, एका प्रदर्शनात काचेमागे, रुपयाच्या नाण्याएवढा गोल, कडेला बारीक चीर गेलेली, आणि मधे कंपनी सरकारची बदामासारखी खूण. पंधरा मिनिटं मी तिथून हलले नव्हते.

मग जगातलं सगळ्यात महाग कुठलं?

ब्रिटिश गयाना, दक्षिण अमेरिकेतली वसाहत, साल १८५६. लंडनहून तिकिटं यायला उशीर झाला म्हणून तिथल्या पोस्टमास्तरने गावातल्या वर्तमानपत्राच्या छापखान्यात तात्पुरती तिकिटं छापून घेतली. छपाई अगदी साधी, कुणीही नक्कल करेल अशी, म्हणून प्रत्येक तिकिटावर पोस्टातल्या कारकुनाने सही करायची अशी व्यवस्था. गडद किरमिजी कागद, मधे जहाज, किंमत एक सेंट.

१८७३ मधे व्हर्नन वॉन नावाच्या बारा वर्षांच्या पोराला काकाच्या कागदांत त्यातलं एक सापडलं. मळकं, आठ कोनात कापलेलं. त्याने ते सहा शिलिंगला विकलं. त्यानंतर दुसरं सापडलंच नाही. तेच तिकीट १९८० मधे ९ लाख ३५ हजार डॉलरला गेलं, २०१४ मधे सुमारे ९५ लाख डॉलरला, आणि २०२१ मधे सुमारे ८३ लाखांना. वजनाच्या हिशोबाने जगात याच्याइतकी महाग वस्तू क्वचितच असेल.

आकडे परत एकदा वाचा, २०१४ ते २०२१ मधे डॉलरमधली किंमत खाली आलीय. याच्याकडे मी शेवटी येणार आहे.

चूक झाली की सोनं झालं, हे खरं का?

अर्धं खरं. छपाईतल्या चुकीला कलेक्टर सरळ 'एरर' म्हणतात. सगळ्यात प्रसिद्ध एरर अमेरिकेतली, १९१८ ची, २४ सेंटचं विमानाचं तिकीट, त्यात विमान उलटं छापलं गेलं. विल्यम रोबी नावाच्या कलेक्टरने पोस्टाच्या खिडकीवर शंभर तिकिटांची शीट २४ डॉलर देऊन घेतली, बघतो तर सगळी विमानं पाय वर करून. आठवड्याभरातच त्याने ती १५ हजार डॉलरला विकली. बाहेर आली ती तेवढी शंभरच. २०२३ मधे त्यातल्या एकट्या तिकिटाला वीस लाख डॉलर मिळाले.

हे उलटं कसं होतं ते समजून घ्या. दोन रंगांचं तिकीट छापताना कागद मशीनमधून दोनदा जायचा, एकदा चौकट, एकदा चित्र. दुसऱ्यांदा कुणी शीट फिरवून घातली की चौकट सरळ आणि चित्र उलटं. लग्नपत्रिकेचं छापकाम ज्यांनी जवळून बघितलंय त्यांना हे लगेच समजेल.

आणि अमेरिकेच्या कितीतरी आधी हे आपल्याकडे झालंय. ऑक्टोबर १८५४ मधे सगळ्या हिंदुस्थानसाठी तिकिटं निघाली, कलकत्त्याला छापलेली, त्यातलं चार आण्याचं दोन रंगांचं, लाल चौकट आणि आत निळ्या रंगात राणीचं डोकं. त्यातल्या काही तिकिटांत राणीचं डोकं उलटं आहे, आणि अशी जगात तीसच्या आसपासच माहिती आहेत. ही जगातल्या सगळ्यात जुन्या उलट्या तिकिटांपैकी. ज्याला हे सापडलं त्याचं भाग्य उजळलं.

पण आता दुसरी बाजू बघा, आणि ही आपल्या नाशिकरोडच्या तिकिटांच्या छापखान्यातली आहे. १९४९ मधे प्राचीन शिल्पांची तिकिटांची मालिका निघाली, अजिंठा, कोणार्क, त्रिमूर्ती, नटराज वगैरे. त्यात एक आण्याच्या तिकिटावर बोधिसत्त्व होता, आणि तो आरशात दिसतो तसा उलट छापला गेला, उजव्या हाताऐवजी डावा हात पुढे. १९५० मधे सुधारून परत काढलं. म्हणजे चूक आहे, सरकारी आहे, सिद्ध झालेली आहे. तरी ते चुकीचं तिकीट आज कोटीत काय, हजारातही जात नाही, कारण एक आण्याचं रोजच्या वापराचं तिकीट, चूक लक्षात येईपर्यंत घरोघरी पोचलेलं. चुकीलाही आवकेचा नियम लागू आहे.

म्हणून वहीतल्या तिकिटाचे कडेचे दाते एका बाजूला जरा जास्त कापले गेलेत, रंग किंचित फिका आहे, एवढ्यावर "एरर, एरर" म्हणून नाचू नका. फिका रंग बहुतेक वेळा उन्हाचा असतो.

"आपल्या प्रेसमधेच तर छापतात, मग नाशिकला दुर्मिळ तिकिटं जास्त असणार?"

हा प्रश्न मला नाशिकबाहेरचे लोक हमखास विचारतात. आपल्या नाशिकरोडची इंडिया सिक्युरिटी प्रेस १९२४-२५ ची. त्याआधी सत्तर वर्षं आपली तिकिटं लंडनच्या डे ला रू कंपनीकडून छापून बोटीने यायची. नाशिकरोडला छपाई सुरू झाल्यावर १९२९ ची विमान टपालाची तिकिटं, १९३१ ची नवी दिल्लीच्या उद्घाटनाची सहा तिकिटं, आणि २१ नोव्हेंबर १९४७ चं स्वतंत्र भारताचं पहिलं तिकीट, साडेतीन आण्याचं, तिरंगा आणि 'जय हिंद', ही सगळी इथे छापली. माझे काका त्याच प्रेसमधून रिटायर झाले, त्यांनी कायम सांगितलं की तिथे शीट मोजून घेतात आणि मोजून देतात, खराब झालेलं पानसुद्धा हिशोबात धरून मग नष्ट होतं. म्हणजे प्रेसशेजारी राहिलो म्हणून आपल्या हाती चुकलेली शीट येईल असं नाही, उलट येऊच नये अशी सगळी बांधणी आहे.

आणि या प्रेसचा आवाका मोठा, तिकिटं लाखांत आणि कोटींत निघणार. जय हिंदचं तिकीट किती मोलाचं आहे हे सांगायला नको, पण बाजारात ते स्वस्तच मिळतं. आपल्या त्र्यंबकच्या दादासाहेब फाळक्यांचं १९७१ चं वीस पैशांचं, भगूरच्या सावरकरांचं १९७० चं, दोन्ही शाळेतल्या पोराला खाऊच्या पैशांत घेता येतील. मला यात वाईट काही वाटत नाही, उलट आनंद आहे की नाशिकच्या पोराला नाशिकची माणसं अल्बममधे लावता येतात.

तर मग गांधीजींचं ते चार कोटींचं कुठलं?

१५ ऑगस्ट १९४८ ला, स्वातंत्र्याच्या पहिल्या वर्षदिनी, गांधीजींची चार तिकिटं निघाली: दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये. ही मात्र नाशिकरोडची नाहीत, स्वित्झर्लंडच्या कुर्व्हॉझिए कंपनीने छापली. वर हिंदी आणि उर्दूत 'बापू' लिहिलेलं. दहा रुपये ही त्या काळात मोठी रक्कम, त्यामुळे ते तिकीट मुळातच कमी लोकांनी घेतलं, आणि आज शिक्का न पडलेलं, मागचा डिंक शाबूत असलेलं, ज्याला मिंट म्हणतात तसं असेल तर साधं दहा रुपयांचंही हजारो रुपयांत जातं. बाकीच्या तीन किमती मात्र खूप मिळतात.

आता त्याच तिकिटांच्या प्रत्येकी फक्त शंभर प्रतींवर गव्हर्नर जनरलच्या सरकारी टपालासाठी 'सर्व्हिस' असा इंग्रजी शब्द काळ्या शाईत वरून छापला गेला. आधी छापलेल्या तिकिटावर असं नंतर काही छापलं की त्याला ओव्हरप्रिंट म्हणतात. शंभरातली दहा रुपयांची खाजगी हातांत फार थोडी आहेत, २०१७ ला विकणाऱ्यांनी अशी तेराच आहेत असं सांगितलं होतं. आणि गोळा करणारे कोण, तर भारतातले, परदेशातले भारतीय, गांधीजींवरच संग्रह करणारे, ब्रिटिश साम्राज्याचा संग्रह करणारे. आवक तेरा, गिऱ्हाईक जगभर. त्यातून चार तिकिटं न फाडलेली एकत्र. म्हणून चार कोटी.

म्हणजे दहा रुपयांचं तिकीट हवं, त्यावर तो एक शब्द हवा, आणि तो शब्द खरा हवा.

खरं कसं ओळखायचं? सातबारा बघून

साधं दहा रुपयांचं तिकीट घेऊन त्यावर शब्द छापणं अवघड नाही, लबाडांनी ते केलंय. नुसत्या दहा रुपयांच्या तिकिटाच्याही नकला भरपूर फिरतात. जाणकार भिंगाखाली छपाई बघतात. मूळ तिकीट फोटोग्रॅव्हर पद्धतीचं, त्यात ठिपके इतके बारीक आणि एकसारखे असतात की रंग सलग वाटतो. नकलेत ऑफसेट छपाईचे ठिपके वेगळे मोजता येतात, वर्तमानपत्रातल्या फोटोसारखे. मग दाते मोजतात, दोन सेंटिमीटरमधे किती छिद्रं येतात ते. मग वॉटरमार्क, म्हणजे कागद बनतानाच त्यात पडलेली खूण, नोट उजेडात धरल्यावर दिसते तशी. मग डिंक, शाई, सगळं.

पण महाग तिकिटाला हे सगळंही पुरत नाही. आपण जमीन घेताना नुसती माती बघतो का, सातबारा बघतो, फेरफार बघतो, आधी कुणाच्या नावावर होती ते विचारतो. तिकिटाचंही तेच, कुठल्या संग्रहातून कुठल्या लिलावात गेलं याची साखळी लागते, आणि सोबत तज्ज्ञांच्या मंडळाचं सर्टिफिकेट, जसं लंडनची रॉयल फिलाटेलिक सोसायटी देते. सर्टिफिकेट नसलेलं 'सर्व्हिस' गांधी कुणी लाखभरात देतोय म्हणाला तर हात जोडून घरी यावं.

येवल्याच्या पैठणीला भोक पडलं तर

तर भाव काय येईल? तिकीट तसंच. खरं आहे, दुर्मिळ आहे, पण एक दात तुटलाय, मागे पातळ झालंय, घडी पडलीय, की किंमत अर्धी, कधी दहावा हिस्सा. १८५४ च्या त्या चार आण्याच्या तिकिटाला दाते नव्हते, कात्रीने कापायचं असायचं, आणि चित्र अष्टकोनी म्हणून पोस्टातल्या आणि घरातल्या लोकांनी व्यवस्थित अष्टकोन कापून लावली. हौसेने केलेलं काम! आज चारही बाजूंना मोकळी जागा असलेलं चौकोनी कापलेलं तिकीट अष्टकोनीच्या कितीतरी पट महाग. गयानाचं तिकीटही अष्टकोनीच आहे, पण ते एकुलतं एक, त्याला तुलनाच नाही.

आपल्याकडे तिकिटांचा सगळ्यात मोठा शत्रू पावसाळा. जुलै-ऑगस्टमधे बंद कपाटात दमटपणा साचतो आणि तिकिटांवर तांबूस ठिपके पडतात, कलेक्टर त्याला रस्ट म्हणतात, आणि ते एकातून शेजारच्यात पसरतं. कपाट अधूनमधून उघडा, अल्बम आडवा नको, उभा ठेवा, पानं चाळा. सेलोटेप लावू नका, काही वर्षांत पिवळा डाग कायमचा. फोटोच्या चिकट पानांच्या अल्बममधे घालू नका. आणि कृपा करून लॅमिनेशन करू नका. एका गृहस्थांनी वडिलांची सगळी तिकिटं मायेने लॅमिनेट करून आणली होती, मला त्यांना काय सांगावं सुचेना.

लिफाफ्यावरून तिकीट काढू नका

हे मी स्वतःच्या पस्तावण्यातून सांगतेय. सहावीत होते, मे महिन्याची सुट्टी, आजोबांच्या ट्रंकेत जुन्या पत्रांचा गठ्ठा सापडला. मला कुणीतरी सांगितलेलं की कोमट पाण्यात भिजवलं की तिकीट सुटतं. मी अख्खी बादली भरली, लिफाफे टाकले, तिकिटं सुटून वर तरंगायला लागली तसा मला इतका आनंद झाला, एकेक काढून वर्तमानपत्रावर वाळत घातलं. लिफाफ्यांचा लगदा मोरीत गेला. त्यात एका लिफाफ्यावर १९३१ ची नवी दिल्लीची दोन तिकिटं होती, आणि नाशिकरोडचा गोल शिक्का इतका स्वच्छ बसलेला की तारीख वाचता येत होती. तो शिक्का अर्धा तिकिटावर, अर्धा लिफाफ्यावर. माझ्याकडे आज ती दोन तिकिटं आहेत, प्रत्येकावर कमानीसारखा शिक्क्याचा एक तुकडा. पत्र कुणी पाठवलं, कुठे गेलं, किती दिवसांत पोचलं, कुठल्या गावांतून गेलं, सगळं मागच्या शिक्क्यांमधे लिहिलेलं होतं, ते मी पाण्यात घातलं.

शिक्का लक्षात ठेवा म्हणाले होते ते यासाठी. तिकीट लावलेल्या आणि टपालातून खरंच गेलेल्या लिफाफ्याला कव्हर म्हणतात, आणि साध्या तिकिटाचं कव्हर नुसत्या तिकिटापेक्षा बऱ्याचदा जास्त मोलाचं ठरतं. १८ फेब्रुवारी १९११ ला अलाहाबादहून नदीपलीकडे नैनीला विमानाने साडेसहा हजार पत्रं नेली, जगातलं पहिलं सरकारी विमान टपाल. त्या पत्रांवरची तिकिटं अगदी रोजची, काढून घेतली तर चहाचे पैसे सुटणार नाहीत. त्या दिवसाचा विमानाचा शिक्का असलेलं अख्खं कव्हर मात्र लोक शोधत फिरतात.

"कॅटलॉगमधे तर पाच हजार लिहिलंय"

कॅटलॉग म्हणजे तिकिटांची किमतीसकट यादी. त्यातली किंमत चांगल्या अवस्थेतल्या तिकिटाची, आणि दुकानदार विकताना लावेल ती. तुम्ही विकायला गेलात की त्याचा हिस्सा मिळतो, सामान्य तिकिटांना तर फारच थोडा. सराफ बाजारात सोनं घेऊन गेलं की घट धरून दिवसाच्या दिवस पैसे हातात, कारण वितळवलं तरी ते सोनंच. तिकीट वितळवून काय मिळणार? त्याला तेच हवं असलेला माणूस भेटावा लागतो, आणि त्याला वर्ष लागू शकतं.

मग गुंतवणूक म्हणून घ्यावं का?

माझं मत विचाराल तर नाही. आवड असेल तर घ्या, अभ्यास वाढला की चांगली वस्तू ओळखू येते आणि तिची किंमत टिकते, वाढतेही. पण कुणी "तिकिटांत पैसे टाका, ठरलेलं व्याज देतो" म्हणाला तर उठा. स्पेनमधे अफिन्सा आणि फोरम फिलातेलिको या कंपन्यांनी हेच केलं, लाखो साध्या लोकांनी आयुष्याची पुंजी टाकली, २००६ मधे सरकारने धाड घातली तेव्हा कळलं की तिकिटांची किंमत फुगवलेली होती आणि जुन्यांचं व्याज नव्यांच्या पैशातून जात होतं. आणि गयानाचं तिकीट आठवा, जगात एकच, सगळ्या पेपरात नाव, तरी सात वर्षांत जवळपास बारा लाख डॉलरने खाली.

मुलांसाठी मात्र जरूर करा. पोस्टात दोनशे रुपये भरून फिलाटेलिक डिपॉझिट अकाउंट उघडता येतं, नवीन तिकिटं घरी येतात. सहावी ते नववीच्या मुलांना दीनदयाळ स्पर्श योजनेत वर्षाला सहा हजारांची स्कॉलरशिपही आहे, शाळेतल्या फार थोड्या शिक्षकांना ती माहीत असते.

आणि त्या रीलमधला नंबर

काकूंनी माझ्याकडे यायच्या आधी तिथे फोटो पाठवलेच होते. उत्तर पाच मिनिटांत, "अभिनंदन, आपल्या सहा तिकिटांचे ७२ लाख, रजिस्ट्रेशन फी २,१५० रुपये भरा." तिकिटं हातात न घेता, मागची बाजू न बघता. जुन्या नाण्या-नोटांच्या नावावर असंच चालतं, रिझर्व्ह बँकेनेसुद्धा २०२१ मधे लोकांना सावध केलं होतं की आमच्या नावाने कुणी कमिशन, टॅक्स मागितला तर देऊ नका. खरा घेणारा वस्तू बघतो आणि तो तुम्हाला पैसे देतो, तुमच्याकडून मागत नाही. नशीब, काकूंना यूपीआय जमत नाही आणि मुलगा ड्युटीवर होता.

काकूंची सहा गांधी तिकिटं म्हणजे एक १९४८ चं दीड आण्याचं, शिक्का मारलेलं, आणि पाच १९६९ च्या जन्मशताब्दीची, त्यातली दोन वहीला खळीने इतकी घट्ट बसलेली की निघणार नाहीत. सगळ्यांचे मिळून दीड-दोनशे रुपये. मी तसं सांगितल्यावर त्या जरा गप्प झाल्या.

मग डब्याच्या तळाशी एक लिफाफा निघाला, ज्यावर तिकीटच नव्हतं. वर इंग्रजीत 'ऑन ॲक्टिव्ह सर्व्हिस', फील्ड पोस्ट ऑफिसचा नंबर असलेला गोल शिक्का, १९४३ साल, आणि कडेला सेन्सॉरने वाचून पास केल्याचा दुसरा शिक्का. काकूंच्या सासऱ्यांचा धाकटा भाऊ देवळालीहून फौजेत गेला होता, त्याचं पत्र. मी सांगितलं, याचे काहीशे रुपये येतील, पण डब्यातली सगळ्यात चांगली वस्तू हीच, हिला कात्री, पाणी, डिंक काही लागू देऊ नका. काकूंनी आतला कागद काढला, घडीवर चिरत आलेला, पेन्सिलीने लिहिलेला, आणि चष्मा पुढे-मागे करत मोठ्याने वाचायला लागल्या. तिसऱ्या ओळीत विचारलं होतं, औंदा मळ्यात कांदा किती लावला.